माल्पाईसला ‘सडा’ म्हणावं का?

प्रश्न : कॅनरी बेटांतल्या लान्सारोतेवर लेख लिहितोय. तिथे १७३० ते १७३६ ज्वालामुखी उसळत राहिला आणि बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्ह्याखाली गेला. त्या काळ्या, ओबडधोबड पसाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘माल्पाईस’ म्हणतात. मी ‘सडा’ लिहिलंय. कोकणातल्या लोकांना पटेल का?

उत्तर : मी रत्नागिरीचा. मला नाही पटत.

घाटावर सडा म्हटलं की अंगणातला शेणसडा आठवतो, नाहीतर प्राजक्ताचा. आमच्याकडे सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. त्यावरचा उघडा, टणक दगड तो कातळ.

दोन्हीकडचा मूळ दगड लाव्ह्याचाच, हे खरं. पण आमच्या जांभ्याखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर पाऊस कोसळत राहिला, विरघळणारं ते वाहून गेलं, लोह मागे राहिलं आणि त्याचा तांबडा जांभा झाला. सडा पाण्याने घडवलाय. लान्सारोतेवर वर्षाकाठी पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तिथला लाव्हा अजून थिजला तसाच, धारदार आहे.

शिवाय सडा ओसाड नाही हो. श्रावणात सड्यावर उकिडवं बसून वाटीएवढा एखादा खळगा बघा. बोटभर पाणी, तळाशी चिमूटभर माती आणि त्यातून वर आलेली सीतेची आसवं, जांभळी, नखाएवढी फुलं. एवढ्याशा मातीत पोट भरत नाही म्हणून ती रोपं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. अशा जागेचं नाव माल्पाईसला देववत नाही.

‘माल’ म्हणजे वाईट, ‘पाईस’ म्हणजे मुलूख. पीक येत नाही, चालता येत नाही, अशा जमिनीवर माणसाने मारलेला तो शेरा आहे. तसा शेरा आपल्या सातबाऱ्यावरही असतो : पोटखराबा. म्हणून मी ‘लाव्ह्याचा खराबा’ लिहीन. पहिल्यांदा ‘माल्पाईस’ द्या आणि पुढे नुसतं ‘खराबा’.

प्रश्न : पटलं. तिथे ला हेरिया भागात ‘राखेत’ खड्डे करून द्राक्षं लावतात. त्याला काय म्हणू?

उत्तर : आधी ‘राख’ काढा. राख चुलीतली, मऊ, फुंकरीने उडणारी. ला हेरियात आहे ती काळी, सच्छिद्र, बारीक खडी. ती दुलईसारखी पसरलेली असते, त्यामुळे खालच्या मातीतली ओल उन्हाने उडत नाही. ती उकरून जुन्या मातीपर्यंत जायचं आणि तिथे वेल लावायचा. खड्डा पुरुषभर खोल असला तरी मी त्याला आळंच म्हणेन, कारण काम आळ्याचंच आहे.

आमच्याकडे कातळात सुरुंग लावून खड्डा पाडतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूसचं कलम लावतात. आम्ही माती वर आणतो, ते मातीपर्यंत खाली उतरतात.

आणि त्या वेलाला वाऱ्याचा आडोसा म्हणून चुना-सिमेंट न लावता रचलेली जी अर्धगोल दगडी भिंत असते, तिला ‘गडगा’ लिहा. देवगडच्या बागायतदाराला ती न बघता दिसेल.

जाता जाता : ‘बेट’ आहे तेच राहू द्या. ‘जुवा’ नको, तो खाडीतला.