फौंड्रीवाल्यांच्या (धातूचं ओतकाम म्हणजे कास्टिंग करणाऱ्यांच्या) मीटिंगला अनोळखी लोकांशी बोलायचं कसं?

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं छोटं मशीन शॉप आहे, पुढच्या आठवड्यात मीटिंगला जायचंय पण तिथं सगळे एकमेकांच्या ओळखीचे, मी आपला चहाचा कप धरून कोपऱ्यात. सुरुवात काय करू?

शिरोलीकर: भावा, लवकर जा. घोळके झाले की आत शिरणं अवघड. आणि कार्ड लगेच काढू नको, लई वाईट दिसतंय. ‘तुमचं ग्रे आयर्न का एसजी?’ (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) एवढं विचार, कास्टिंगवाला पुढं स्वतःच सुरू होतोय, मग थांबवणं अवघड 😄

उद्यमनगर: एकटा उभा असलेला गाठ, तोपण तुझ्यासारखाच अवघडलेला असतोय. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोलणं झालं त्याची एक ओळ टाक, नुसतं गुड मॉर्निंग नको.

प्रश्नवाला: एसजीचा प्रश्न भारी, आमच्याकडं मशिनिंगला तेच येतंय. पण समोरचा मोठा मालक असला तर?

शिरोलीकर: मग रिजेक्शनचं, म्हणजे खराब निघणाऱ्या मालाचं विचार. त्यावर सगळेच बोलतात.