मदत हवी आहे: नेटवर्क शेअरवरचे एडीएस (फाईलला चिकटणारे लपलेले डेटा स्ट्रीम) कायमचे बंद कसे करायचे?

तारजुळव्या: हिशेबाच्या शेअरवर टाकलेल्या प्रत्येक फाईलला झोन.आयडेंटिफायर (फाईल इंटरनेटवरून आल्याची खूण) चिकटतोय. एक्सेलमध्ये लाल पट्टी येते आणि मॅक्रो अडतात. अनब्लॉक करून करून बोटं दुखली. सर्व्हरवरच बंद करायचंय. आज हवंय.

निळा_पडदा: कोणता सर्व्हर? विंडोज असेल तर विषय संपला, एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाईल-व्यवस्था) असा स्विचच नाही. ग्रुप पॉलिसीत अटॅचमेंट मॅनेजरखाली झोनची माहिती न जपण्याची सेटिंग चालू करा, म्हणजे खूण मुळात लागणारच नाही.

जुना_खिळा: वा! म्हणजे मेलमधून आलेला मॅक्रोही बिनबोभाट चालणार. तो भोपळा गळ्यात बांधू नका.

तारजुळव्या: सर्व्हर उबंटू, त्यावर साम्बा (लिनक्सवरून विंडोजला शेअर देणारा प्रोग्राम). ग्लोबलमधून (सगळ्या शेअरना लागू विभाग) स्ट्रीम्स_एक्सॲटर हे स्ट्रीम साठवणारं मॉड्यूल काढलं, रिलोड केलं. फरक शून्य.

रूट_बोलतोय: शेअरच्या विभागात वेगळी 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स' ओळ (मॉड्यूलांची यादी) आहे का? ती ग्लोबलमध्ये मिसळत नाही, तिला सरळ बाजूला सारते. टेस्टपार्म -एस चालवून बघा, साम्बाची सेटिंग दिसेल. तिथूनही काढा, पण एसीएल_एक्सॲटर असेल तर ते राहू द्या, नाहीतर परवानग्यांचा बोजवारा. मॉड्यूल शेअर जोडताना लोड होतं, त्यामुळे नुसत्या रिलोडने जुन्या जोडण्या बदलत नाहीत. एसएमबीकंट्रोलने क्लोज-शेअर करा, म्हणजे त्या तुटतील.

मोकळी_मेमरी: थम्ब्स.डीबी पण बंद करून टाका, फार कचरा करतं.

जुना_खिळा: ते कोणी विचारलं? मूळ प्रश्न: मॅक आहेत का ऑफिसात?

तारजुळव्या: डिझाइनवाल्यांकडे दोन. त्यांचा काय संबंध?

जुना_खिळा: मॅकसाठीचं फ्रूट मॉड्यूल स्ट्रीम्स_एक्सॲटरच्या खांद्यावर उभं असतं. स्ट्रीम गेले की मॅक प्रत्येक फाईलशेजारी '._' नावाचं पिल्लू सोडतो. डिझाइनचा शेअर तसाच ठेवा.

रूट_बोलतोय: अर्धं खरं. फ्रूट एका शेअरवर आणि दुसऱ्यावर नाही असं केलं, आणि मॅकने आधी बिनफ्रूटचा शेअर जोडला, तर ॲपलची एक्स्टेन्शन्स सगळीकडेच बंद पडतात. मॅकला हिशेबाचा शेअर दाखवूच नका.

तारजुळव्या: नव्या फाईली स्वच्छ. जुन्यांचं काय?

रूट_बोलतोय: विंडोजला दिसत नाहीत, पण डिस्कवर आहेतच. मॉड्यूल परत लावलं की भूत परत. गेटएफॲटर -डी ने फाईलला चिकटलेली ॲट्रिब्यूट बघा, मग खूण पुसायला फाइंडसोबत सेटएफॲटर -एक्स 'यूजर.डॉसस्ट्रीम.झोन.आयडेंटिफायर:$डेटा'. एकेरी अवतरणच हवं. दुहेरीत शेल $डेटा गिळून टाकतं आणि 'असं ॲट्रिब्यूट नाही' अशी एरर येते. सगळे यूजर.* उडवू नका, त्यात डॉसॲट्रिब असतं. हिडन, रीड-ओन्ली सगळं जाईल.

निळा_पडदा: एवढा खटाटोप? विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी-कमांडीत /कॉपी:डीएटीएक्स द्या, एक्स म्हणजे स्ट्रीम वगळा. फक्त /बी किंवा /झेडबी सोबत नको, तेव्हा एक्स जुमानत नाही.

तारजुळव्या: सगळं केलं. गेटएफॲटरमध्ये झोन नाही. लाल पट्टी तशीच!!

जुना_खिळा: शेअर जोडलाय कसा, नावाने की आयपीने?

तारजुळव्या: आयपीने. का?

जुना_खिळा: हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पत्त्यात टिंब दिसलं की विंडोज तो इंटरनेट झोन धरतं, स्ट्रीम असो वा नसो. टिंब नसलेल्या नावाने मॅप करा, नाहीतर तो आयपी लोकल इंट्रानेटच्या यादीत घाला. मॅपिंग बदलल्यावर एक्सेल पूर्ण बंद करून उघडा.

तारजुळव्या: नावाने जोडला. पट्टी गेली. आता मॅकवाले विचारतायत त्यांचे रंगीत टॅग कुठे गेले.