मदत हवी आहे: स्तोत्र १३६ ची मराठी चाल

नमस्कार मंडळी, आम्ही चर्चचे क्वायरवाले आणि अलिबागकडची आमची बेने इस्रायल (म्हणजे मराठी ज्यू) मित्रमंडळी मिळून एक छोटा गाण्याचा कार्यक्रम करतोय, त्यासाठी बायबलमधलं, दोघांचंही असलेलं स्तोत्र १३६ घेतलंय. २६ ओळी आणि प्रत्येक ओळीला 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद, हिब्रूत 'की लेओलाम हसदो', वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री बेने इस्रायल लोक ते म्हणतात, त्यामुळे अख्ख्या हॉलला साथ देता येईल, मला तर हे फारच आवडलंय! पण चाल मिळत नाहीये. बेने इस्रायलांच्या जुन्या मराठी कीर्तनातली किंवा आपल्या भजनातली, पेटी-तबल्यावर बसणारी चाल कुणाला येते का? घरी आजीची वही असेल, इस्रायलमध्ये लोद-डिमोनाला नातेवाईक असतील तर प्लीज विचारा, मोबाईलवर नुसतं गुणगुणून पाठवलंत तरी चालेल. कार्यक्रम रविवारीच ठेवलाय, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाद्यं नकोत म्हणून.