वळण बिघडले की आधी टर्न फिनलाच हात लावावा का?

तीनटेकू (धागालेखक)

रेडिओवर चालणाऱ्या हायड्रोप्लेन (वेगात पाण्यावर जेमतेम टेकून पळणाऱ्या) होडीचे वळण बिघडले की तळ्यावरचे जाणते लोक पहिला सल्ला देतात तो 'फिन बदलून बघा' असा (टर्न फिन म्हणजे वळताना पाण्याला धरून ठेवणारे, खाली उभे लावलेले पाते). हा सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो असे माझे मत आहे.

मी सिएटलजवळ राहतो. येथल्याच लेक वॉशिंग्टनवर १९५० साली 'स्लो-मो-शन फोर'ने ताशी १६० मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला आणि पुढचे दोन स्पॉन्सन (दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले तरंगते भाग) व मागचा अर्धा बुडालेला प्रॉप (होडी ढकलणारा पंखा) अशा तीन टेकूंवर पळणारी होडी किती वेग गाठू शकते हे सर्वांना दिसले. आपली अडीच फुटी होडीही त्याच तीन टेकूंवर पळते. वेगात तिचा तळ पाण्यात नसतोच, त्यामुळे वळताना पाण्याला धरून राहण्याचे काम मुख्यतः उजव्या स्पॉन्सनवरचे फिन आणि मागचे सुकाणू या दोन पत्र्यांकडे येते. त्यातले फिन स्पॉन्सन पाण्याला टेकलेला असेपर्यंतच उपयोगी पडते. वजन फार मागे असेल तर नाक हलके होते, स्पॉन्सन उड्या मारू लागतो आणि प्रत्येक उडीला फिनची पकड सुटून होडी बाहेर फेकली जाते. अशा वेळी फिन कितीही मोठे केले तरी ते हवेतच फिरणार.

माझी होडी महिनाभर हेच करत होती. दोन फिन बदलून झाली. शेवटी बॅटरी १२ मिलिमीटर पुढे सरकवली आणि ती वळू लागली. तेव्हापासून मी आधी बॅटरीसकट तोल पाहतो (स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून प्रॉपपर्यंतच्या अंतरात तो पुढून २५ ते ३० टक्क्यांवर यावा असा माझा हिशेब आहे), मग स्पॉन्सनचा कोन, मग स्ट्रट (प्रॉपचा दांडा धरणारा आधार) आणि सर्वांत शेवटी फिन.

ओट्यावरचा_कारखाना

आपल्या मांडणीशी मी सहमत नाही. वजन पुढे नेल्यामुळे होडी वळली हे खरे असेल, पण त्याची किंमत आपण सरळ धावेत मोजली आहे, कारण स्पॉन्सन जास्त ओले राहिले की वेग पडतो. फिनचा दोष सरळ धावेत दिसेलच असे नाही, तो वळणात उघडा पडतो. शिवाय ते तपासायला पाच मिनिटे पुरतात, मग ते शेवटी का ठेवायचे?

माझी पद्धत सांगतो. पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा हा घरातला एकमेव खरोखर सपाट पृष्ठभाग आहे. रात्री भांडी आवरली की होडी ओट्याच्या कडेला अशी ठेवतो की उजवे फिन कडेबाहेर लोंबेल, तळाखाली पत्ते सारून ती समतल करतो आणि फिनला स्टीलचा गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावतो. फिनचे खालचे टोक होडीच्या मध्याकडे किंचित झुकलेले हवे. उजव्या वळणात होडी डावीकडे घसरू पाहते आणि पाणी फिनच्या आतल्या बाजूवर दाब देते. टोक आत झुकलेले असेल तर तो दाब स्पॉन्सनला उजवीकडे ढकलतानाच खालीही दाबून धरतो. टोक बाहेर गेलेले असेल तर तोच दाब स्पॉन्सन उचलतो. किनाऱ्यावरच्या दगडाला एकदा घासले की दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपला स्पॉन्सन उड्या मारत होता तो वजनामुळे की वाकड्या फिनमुळे, हे आपण गुण्या लावून पाहिले होते का?

तीनटेकू

नव्हते पाहिले, हे मान्य करतो. पण आपल्या सल्ल्यातला धोकाही लिहायला हवा. 'फिन पाहा' असे सांगितले की नवखा माणूस ते तपासत नाही, अधिक खोल फिन बसवून मोकळा होतो. खोल फिनचा दाब वजनाच्या मध्यापासून आणखी खाली लागतो, त्याची तरफ लांब होते आणि होडी बाहेरच्या बाजूला कलते. डावा स्पॉन्सन पाण्यात रुतला की होडी कुशीवर लोळलीच. ओला स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) घेऊन घरी परतण्याचा अनुभव मी दोनदा घेतला आहे.

मागची_बाजू

आपण दोघेही नाकाकडे पाहत भांडत आहात, म्हणून मागच्या बाजूविषयी लिहिते. माझ्या होडीला वळणात अचानक गिरकी घेण्याची सवय लागली होती. मी फिन सरळ केले, वजनही हलवले, पण गिरकी काही गेली नाही. दोष निघाला सुकाणूच्या नायलॉनच्या स्क्रूमध्ये. काही आदळले तर सुकाणू तुटू नये, मागे उचलले जावे म्हणून तो मऊ स्क्रू असतो. माझा स्क्रू तुटला नव्हता, नुसता ढिला झाला होता. टेबलावर सगळे ठाकठीक दिसे, पण पाण्याचा जोर आला की सुकाणूचे खालचे टोक दोन-तीन अंश मागे जाई. तशा तिरक्या सुकाणूला वळवले की त्यावरचा दाब मागच्या भागाला वर उचलतो, प्रॉपची पकड सुटते, नाक खाली जाते आणि होडी स्वतःभोवती फिरते. टोक पुढच्या बाजूला किंचित आत घेतले की नेमके उलट घडते आणि मागचा भाग दाबून राहतो. तेव्हा फिनच्या आधी, वजनाच्याही आधी, सुकाणू बोटाने हलवून पाहावे असे माझे मत आहे.

नवा_खलाशी

एक शंका विचारतो. खऱ्या शर्यतीच्या होड्यांच्या छायाचित्रांत फिन डाव्या स्पॉन्सनवर दिसते. मग आपण सगळे उजव्या फिनविषयी का बोलत आहात?

तीनटेकू

खऱ्या होड्या डावीकडे वळत शर्यत लावतात. अमेरिकेतल्या मॉडेल-संस्थांच्या नियमांत मात्र शर्यत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे उजव्या वळणांची असते. फिन नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला बसते, म्हणून खरी होडी हुबेहूब उतरवली तरी एवढी एक बाजू बदलावी लागते.

ओट्यावरचा_कारखाना

सुकाणूविषयीचे म्हणणे मला पटले, पण त्याने मूळ वाद मिटत नाही. धागालेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी बॅटरी पुन्हा १२ मिलिमीटर मागे न्यावी, फक्त फिन सरळ करावे आणि दुसरे काहीही न बदलता होडी चालवावी. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की गुण कोणाचा हे कधीच कळत नाही.

तीनटेकू

काल तसे केले. फिनचे टोक खरोखरच दीड मिलिमीटर बाहेर होते. ते आत वळवून, बॅटरी जुन्या जागी नेऊन होडी सोडली. पाऊण थ्रॉटलपर्यंत तिने वळण स्वच्छ धरले. त्यापुढे स्पॉन्सन पूर्वीसारखाच उडू लागला आणि होडी बाहेर गेली. म्हणजे पूर्ण वेगात दोष वजनाचाच आहे.

ओट्यावरचा_कारखाना

पाऊण थ्रॉटलला वळली म्हणजे वळली. वळणात पूर्ण थ्रॉटल दाबून ठेवणे हा होडीचा नव्हे, चालकाच्या अंगठ्याचा दोष आहे.

तीनटेकू

माझा रेडिओ पिस्तुलासारखा आहे, त्यामुळे दोष असलाच तर तर्जनीचा. शनिवारी बॅटरी पाच मिलिमीटर पुढे घेऊन पुन्हा पाहतो. फिनला हात लावणार नाही.