गोळ्या कुठे ठेवता? मनाच्या आजारासोबत जगणाऱ्या बायकांचे अनुभव

सुरुवात मीच करते.

माझ्या गोळ्या चार वर्षं नाचणीच्या पिठाच्या डब्यात होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिठात खोल खुपसलेल्या. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी खोल बुडतं. त्यावरचं औषध, लिथियम, लग्नाआधीपासून चालू आहे. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. सासरी सांगायचं नाही, हे माहेरच्यांनी ठरवलेलं.

लिथियम घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी होऊन चालत नाही. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं ते औषध पुरेसं बाहेर टाकत नाहीत, रक्तातलं प्रमाण चढतं. डॉक्टरांनी हे दर वेळी बजावलं होतं. पण हरतालिकेचा निर्जळी उपास करणार नाही म्हटलं, तर कारण काय सांगणार? तीन वर्षं न्हाणीघरात जाऊन गुपचूप पाणी प्यायले. चौथ्या वर्षी घर पाहुण्यांनी भरलेलं, ते जमलं नाही. त्यात दोन दिवस डोकं दुखत होतं म्हणून आयब्युप्रोफेन घेत होते. त्यानेही लिथियम वाढतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुपारी पत्री निवडताना बोटं थरथरायला लागली. संध्याकाळी उलट्या, रात्री जागरणाला बसले तर जीभ जड. सगळे म्हणाले, उपास लागला. रक्त तपासलं तर लिथियम १.९. एरवी माझं ०.७ च्या आसपास असतं.

दवाखान्यात गोळ्यांचं पाकीट मागितलं. सोबत थोरल्या जाऊबाई होत्या. कुठे ठेवलंय ते त्यांना सांगावंच लागलं. त्यांनी पाकीट आणून दिलं, काही बोलल्या नाहीत. मी घरी परतले तेव्हा पिशवी फ्रिजवर होती, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी. ‘पिठात ओल धरते गं,’ एवढंच म्हणाल्या.

म्हणून विचारतेय. आजाराइतकंच तो लपवण्याबद्दल लिहा. नाव नको. आणि लिथियमवाल्यांनो, रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्या, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) चुकवू नका.

नाशिकहून, दोन मुलांची आई

मी गोळ्या बाळाच्या लंगोटांखाली ठेवायचे. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, कशातच कमी नव्हतं. बाळ रडलं की आई त्याला माझ्या मांडीवर द्यायची आणि मला काहीच वाटायचं नाही. दूध यायचं, माया येत नव्हती. हे कोणाला सांगायचं? आईने दृष्ट काढली, मग पुन्हा काढली.

दीड महिन्याच्या लसीला गेले तेव्हा नर्सताईंनी बाळाचं वजन केलं आणि मग मला विचारलं, ‘तू झोपतेस का?’ बाळंत झाल्यापासून मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी तिथेच रडले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं, माझं ओसरलं नव्हतं, तो आजार होता. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. अंगावर पाजायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं. तीन आठवड्यांनी एका सकाळी बाळाच्या टाळूचा वास घेतला आणि सोडवेना. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यातच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं.

सांगलीहून, वय ५२

माझा आजार कोणाला दिसलाच नाही, कारण त्याचं कौतुक व्हायचं. ‘सोवळं पाहावं तर हिचं.’ मी हात धुवायचे, मग नळ धुवायचे, मग नळ धुतला म्हणून पुन्हा हात. बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. सकाळचा स्वयंपाक दोन वाजता व्हायचा. ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार, हे नाव कळायला एकोणीस वर्षं लागली.

गोळ्यांचा उपयोग झाला, पण खरं काम समुपदेशक ताईंनी करून घेतलं. दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता कणीक मळायची. पहिल्या दिवशी परातीसमोर चाळीस मिनिटं बसले होते, घामाने पदर भिजला. ताई म्हणाल्या होत्या, भीती कमी करायला जाऊ नका, ती आपली आपण उतरते का बघा. उतरली. त्या पोळ्या मुलाने खाल्ल्या. आजही वाईट दिवस येतात, तेव्हा एकदाच हात धुऊन न्हाणीघराचं दार लावून घेते.

मुंबई, नोकरी करते

मी ऑफिसच्या बॅगेत, व्हिटॅमिनच्या बाटलीत. अजून कोणालाच माहीत नाही. एकदा रात्री अडीचला गच्चीच्या जिन्यात बसून १४४१६ लावला, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, ‘आत्ता तुम्ही सुरक्षित जागी आहात ना?’ खाली येऊन घरात बसले आणि बोलत राहिले. सध्या एवढंच लिहू शकते.

थोरली जाऊ

हिने वाचून दाखवलं म्हणून लिहितेय. हरतालिकेला आता आमच्याकडे सगळ्याच जणी पाणी पितात. मुंबईच्या मुली, तुझं वाचून झोप लागली नाही. पुन्हा लिही.