बियांपासून रोपे : चिंच उगवली, बहावा, कडुनिंब आणि जांभूळ का उगवले नाहीत?

अंगणवेल (सातारा)

नमस्कार. आमच्या घरामागे साधारण दोन गुंठे मोकळी जागा आहे आणि कोरेगाव तालुक्यातील शेताचा लांबलचक बांध कित्येक वर्षे उघडाच आहे. दोन्ही ठिकाणी विकतची रोपे न आणता स्वतः बियांपासून वाढवलेली झाडे लावावीत, अशी मनापासून इच्छा असल्याने यंदा प्रथमच हा उद्योग हाती घेतला. फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या बहाव्याखालून शेंगा गोळा केल्या. गेल्या वर्षी आषाढात वेचलेल्या निंबोळ्या उन्हात खडखडीत वाळवून बरणीत ठेवल्या होत्या. मेअखेरीस खाल्लेल्या जांभळांच्या बिया महिनाभर गच्चीवर वाळवल्या, आणि चिंचोके मात्र स्वयंपाकघरातल्या जुन्या चिंचेतलेच घेतले, तेही रात्रभर भिजत घालण्यापलीकडे काही न करता.

जूनअखेरीस सर्व बिया पिशव्यांत लावल्या. आज सहा आठवडे झाले. ज्यांची काळजी सर्वांत कमी घेतली ते चिंचोके बहुतेक सगळे उगवले आणि बाकी तिन्हींपैकी एकही बी फुटली नाही. उकरून पाहिले तेव्हा बहाव्याच्या बिया लावल्या तशाच चकचकीत आणि टणक होत्या. निंबोळ्या आणि जांभळाच्या बिया मात्र बोटांनी दाबताच चुरडल्या. शेजारच्या ट्रेमधील झेंडू छान उगवला होता, पण आठवड्याभरात रोपे बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. कोठे चुकले, हे कृपया कोणी समजावून सांगाल का? आणखी एक शंका आहे : घरी खाल्लेल्या हापूसची कोय लावली, तर त्या झाडाला हापूसच येईल का?

कोयकलम (रत्नागिरी)

आपण बिया उकरून पाहिल्या, हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या निरीक्षणातच आहे. आपली बहाव्याची बी जिवंत आहे, ती केवळ बंद आहे; कडुनिंब आणि जांभळाच्या बिया मात्र पिशवीत जाण्यापूर्वीच मेलेल्या होत्या.

ज्वारी, गहू, भाजीपाला यांच्या सवयीमुळे बी म्हणजे वाळवून ठेवण्याची वस्तू, असे आपण धरून चालतो. चिंच, बहावा, बाभूळ या शेंगावर्गातील झाडांच्या बाबतीत ते बरोबरही आहे, कारण त्यांच्या टणक कवचातून पाणी आत जात नाही आणि बी दीर्घकाळ टिकते. जांभूळ, फणस आणि आंबा यांचे तसे नाही. त्यांच्या बिया ओल्याच जन्मतात आणि ओल्याच रुजतात. आतील ओल ठरावीक मर्यादेखाली गेली की अंकुर मरतो व नंतर कितीही पाणी घातले तरी उपयोग होत नाही. म्हणून जांभूळ खाल्ले की बी धुऊन त्याच दिवशी, फार तर दोन-चार दिवसांत, मातीत गेली पाहिजे. ताजी बी साधारण दोन-तीन आठवड्यांत उगवते आणि पुष्कळदा एकाच बीमधून दोन-तीन कोंब येतात. त्यांतला जोमदार कोंब ठेवावा. फणसाच्या आठळीलाही हाच नियम आहे.

कडुनिंब या दोहोंच्या मधला आहे. पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या घेऊन गर चोळून धुवावा, बी सावलीत एक-दोन दिवस सुकवावी आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत लावावी. गर तसाच ठेवला तर बी आंबून कुजते, आणि कडक उन्हात वाळवून वर्षभर बरणीत ठेवली तर ती उगवण्याची आशा जवळजवळ राहत नाही.

हापूसबद्दल : हापूसच्या कोयीत एकच अंकुर असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असल्याने त्या झाडाचे फळ हापूससारखे असेलच असे नाही. केरळातील ओलूर किंवा वेल्लाईकोलंबन यांसारख्या जातींच्या कोयीत अनेक अंकुर असतात आणि त्यांतले बरेचसे मूळ झाडासारखेच निपजतात, पण हापूस त्यांतला नव्हे. तरीही कोय अवश्य लावा. कोकणात पावसाळ्यात अशाच कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावर हापूसची काडी बांधून कोय कलम करतात, आणि हाताने केलेले कलम जगले की होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही.

माळरान (अहिल्यानगर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. बहाव्याचे कवच उघडण्याचा उपाय तेवढा सांगतो. उकळते पाणी ओतून बिया रात्रभर त्यातच ठेवण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते आणि पोतेभर बियांसाठी ती सोयीची आहे, परंतु माझ्या अनुभवात तिने उगवण एकसारखी होत नाही. काही बिया शिजतात आणि काही कोरड्याच राहतात. ओंजळभर बिया असतील तर प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका कडेला घासावी, तपकिरी कवचाखालचा फिकट भाग दिसू लागला की थांबावे, आणि बीचे निमुळते टोक मात्र घासू नये, कारण अंकुर तेथे असतो. नंतर चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर ज्या बिया फुगून जवळपास दुप्पट होतात त्याच लावाव्यात आणि न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात.

आमच्याकडे बाभळीसाठी हे कामसुद्धा करावे लागत नाही. शेळ्या शेंगा खातात, कवच त्यांच्या पोटात मऊ होते, आणि वाड्यातून झाडून आणलेल्या बिया उत्तम उगवतात. आपल्या बांधासाठी बाभूळ आणि करंज यांचा विचार जरूर करावा. दोन्हींच्या बिया पहिला चांगला पाऊस झाल्यावर जागेवरच, एकेका ठिकाणी दोन-तीन, टोकता येतात. शिवाय करंजाच्या पानांना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे उघड्या बांधावर तो तग धरतो.

पिशवीत वाढवायचे असेल तर सोटमुळाकडे लक्ष असू द्यावे. चिंचेचे मूळ वरच्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने खाली जाते आणि तळाशी पोहोचले की गोल फिरू लागते. अशी वेटोळी मुळे घेऊन लावलेले झाड पुढे वादळात उन्मळते, म्हणून उथळ कुंडीऐवजी उंच पिशवी घ्यावी आणि रोप पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावून टाकावे.

तुळशीवृंदावन (पुणे)

झेंडूला झालेला प्रकार म्हणजे रोपे कोलमडणे. सतत ओल्या मातीत, दाट पेरणीत आणि कोंडलेल्या हवेत बुरशी कोवळ्या खोडाला बुडाशी धरते. पडलेले रोप वाचत नाही. ते मातीसकट काढून टाकावे. पुढच्या वेळी ट्रेमध्ये शेणखत न घालता कोकोपीट आणि वाळू वापरावी, बी जेमतेम झाकली जाईल इतकीच माती वर भुरभुरावी, पाणी सकाळी द्यावे आणि वरचा थर कोरडा दिसल्याशिवाय पुन्हा देऊ नये. रोप पिशवीत हलवल्यावर मात्र चांगले कुजलेले शेणखत अवश्य घालावे. नवशिक्यांच्या हातून रोपे तहानेपेक्षा पाण्याच्या अतिरेकाने अधिक मरतात, हे मी सोसायटीतील मुलांना शिकवताना दरवर्षी पाहते.

अंगणवेल (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल उकरलेल्या बहाव्याच्या बियांपैकी दहा बिया धुऊन, घासून पाण्यात घातल्या होत्या. आज सकाळी त्यांतल्या सात टपोऱ्या फुगल्या होत्या, त्या लगेच पिशव्यांत लावल्या. उरलेल्या तीन पुन्हा घासून भिजत घातल्या आहेत.