खिशातली टॉर्च ल्युमेन बघून घेऊ नका

कातळवाट

काल एकाने 'रोज खिशात ठेवायला छोटी टॉर्च सुचवा' असं विचारलं होतं. त्यावर निवांत_ठाणेकर यांचं उत्तर: मोबाइलला टॉर्च असताना वेगळी बाळगणं ही निव्वळ हौस आहे, आणि घ्यायचीच असेल तर पाचशे रुपयांत दहा हजार ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) झूमवाली मिळते, ती घ्या आणि विषय संपवा. त्या उत्तराला सगळ्यात जास्त पसंती मिळालेली बघून राहवलं नाही.

दहा हजार ल्युमेनला ऐंशी-शंभर वॅट तरी लागतात. त्याची उष्णता बोटभर अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला झेपणारच नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या हजार ल्युमेनवाल्या छोट्या टॉर्चसुद्धा मिनिट-दोन मिनिटांत तापून तीनशे-चारशेवर उतरतात. खोक्यावर लिहिलेले तास तर त्याहून फसवे. टॉर्च मोजण्याच्या एएनएसआय एफएल-१ या मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे '१००० ल्युमेन, ३ तास' यातला बराचसा वेळ तुम्ही शंभर-दोनशे ल्युमेनमध्येच चालणार.

घेताना मी आधी उजेडाची सगळ्यात खालची पायरी बघतो. एक ल्युमेन किंवा त्याहून कमी हवा. स्लीपरच्या बर्थवर किंवा तंबूत शेजारच्याची झोप न मोडता पिशवीत हात घालायला तेवढाच लागतो. मग शंभर-दीडशे ल्युमेन किती तास एकसारखे टिकतात ते. मग सेल काढून बदलता येतो का. पाण्यासाठी आयपीएक्स-७ किंवा ८ (बुडाली तरी पाणी आत न जाणारं) असावं, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर चार महिने खिसाही ओला असतो. ल्युमेनचा मोठा आकडा शेवटी.

आणि मोबाइल? कळसूबाईच्या शिड्यांवर पहाटे मोबाइल हातात धरून चढणारे दर शनिवारी दिसतात. एक हात दांड्याला, दुसऱ्या हातात तीस हजारांचा फोन. तो पडला तर उजेड गेला, नकाशा गेला आणि मदतीला फोन करायची सोयही गेली.

निवांत_ठाणेकर

माझंच नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. प्रश्न विचारणारा 'रोज खिशात' म्हणाला होता, कळसूबाई तुम्ही आणलीत. मी ७:५२ची लोकल पकडणारा माणूस. खिशात पाकीट, पास, किल्ल्या, मोबाइल. पाचवी वस्तू आठवडाभर जवळ राहते आणि मग ड्रॉवरमध्ये जाते. लिफ्ट बंद पडली, जिन्यात दिवे गेले, बाईकखाली किल्ली पडली, या सगळ्याला मोबाइल पुरला आहे. जवळ असलेला पन्नास ल्युमेनचा उजेड घरी राहिलेल्या हजारांपेक्षा कामाचा.

शिवाय सुटे लिथियम सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायला सांगताय? किल्ली दोन्ही टोकांना टेकली तर मांडी भाजेल. त्याबद्दल एक अक्षर नाही.

सर्किटवाला

सुट्या सेलचं ठाणेकरांचं बरोबर आहे. सुटा १८६५० (मोठ्या टॉर्चमधला जाड लिथियम सेल) प्लास्टिकच्या डबीतच हवा. विमानातही सुटे लिथियम सेल केबिनच्या सामानातच न्यावे लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. सेल टॉर्चमध्ये बसवलेला असेल तर खिशात काही होत नाही, फक्त मागची टोपी पाव आटा सैल करून ठेवा, म्हणजे बटण चुकून दाबलं जाऊन खिसा तापत नाही.

१८६५० वर '९९०० एमएएच' अशी क्षमता छापलेली दिसली तर तिथेच परत करा. त्या मापात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन-चार हजारांच्या आसपास भरतो.

पण रोजच्या खिशाला १८६५० वाली टॉर्च मला पटत नाही. नळी हातभर नसली तरी पँटच्या खिशात टोचते. मी एका डबल ए सेलची घ्या म्हणतो. सोफिर्न एसपी-१० प्रो सारख्या टॉर्चमध्ये साधा डबल ए पण चालतो आणि त्याच मापाचा १४५०० लिथियम पण. रिचार्जचा निकेलवाला सेल रोजला, आणि तो संपला तर कुठल्याही टपरीवर पेन्सिल सेल मिळतो. फक्त अल्कलाइन आत घालून विसरू नका. गळतो, पांढरी भुकटी धरते आणि स्प्रिंग खाऊन टाकतो.

आगरातली

सगळे ल्युमेन आणि सेल मोजताय, उजेडाच्या रंगाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे रत्नागिरीला घराच्या पायऱ्या जांभ्याच्या. फुरसं त्याच रंगाचं. गेल्या पावसाळ्यात सासूबाई पुढे, हातात बाजारातली निळसर पांढरी एलईडी. तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात वेटोळं होतं, त्यांना दगडच वाटला. मी मागून माझी पिवळट उजेडाची टॉर्च मारली तेव्हा पाठीवरची नक्षी उठून दिसली. त्यांचा पाय उचललेला होता.

साडेसहा हजार केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडात माती, दगड, वाळलेलं पान सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. चार हजार केल्विन (पिवळट), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वरचा एलईडी बघून घ्या. ल्युमेन थोडे कमी मिळतात, मिळू देत.

कातळवाट

ताई, हे माझ्या यादीत पहिलं असायला हवं, मान्य. डबल एचं मात्र नाही. पाऊस-धुक्यात रात्रभर चालायचं तर त्या सेलचा दम पुरत नाही.

उसाचं_पान

तुमची रात्रभर म्हणजे महिन्यातून एकदा. आमची आठवड्याला असते. जुन्नरकडचा आहे, ऊस आहे. पाण्याच्या मोटारीची लाइट रात्री येते, मग दारं धरायला (उसाला पाणी द्यायला) रात्रीच जावं लागतं. एका हातात फावडं, पाण्यात पाय, दारं मोडायला दोन्ही हात लागतात. बॅटरी मान वाकडी करून खांद्यात दाबून धरायची. बांध घालायला वाकलं की ती पाण्यात. उसात बिबट्या. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात कितीही ठेवले तरी बाहेरचे संपत नाहीत. वाकलेला माणूस त्याला बुटका दिसतो. पायाखाली घोणस नाहीतर मण्यार. मण्यार चावलेली कित्येकदा कळत पण नाही.

तर खिशातल्या टॉर्चची चर्चा करणाऱ्यांनी आधी हे सांगा, शेतकऱ्याला रात्रीची लाइट कशासाठी? दिवसा दिली तर आम्हाला टॉर्चच लागणार नाही.

लाइनवरचा

वीज कंपनीत तारेवर आयुष्य गेलं माझं, म्हणून बोलतो. दिवसा सगळ्या शेतीपंपांना एकदम थ्री फेज दिली तर वाहिनी आणि ट्रान्सफॉर्मर सोसत नाहीत. म्हणून आळीपाळीने, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. कोणी मुद्दाम छळत नाही. त्यात तारेवर चोरीचे आकडे टाकून, मंजूर पाचऐवजी साडेसात एचपीची मोटार बसवून ट्रान्सफॉर्मर जाळतात, तो बदलायला रात्री अकराला खांबावर कोण चढतं? आम्ही. त्या वेळी आमच्याही तोंडात टॉर्चच असते.

उसाचं_पान

आकडे मी टाकत नाही, बिल भरतो. ट्रान्सफॉर्मर जळाला की गावानं वर्गणी काढून ट्रॅक्टरनं न्यायचा, हे पण सांगा की. सौर कृषी वाहिनी २०१७ ला आली, दिवसा लाइट देणार म्हणून. शेजारच्या फीडरला (वीजवाहिनीला) मिळाली, आमच्या फीडरची जागा अजून ठरते आहे. माझ्या चुलत्याला बांधावर घोणस चावली. तालुक्याला लस होती म्हणून वाचला, पाय मात्र कायमचा गेला. त्या रात्री दिवसाची पाळी असती तर?

लाइनवरचा

चुलत्यांचं वाईट वाटलं. पण त्याचा राग वायरमनवर काढू नका. पावसात खांबावर शॉक लागून गेलेले माझे सहकारीपण कोणाचे तरी चुलतेच होते.

निवांत_ठाणेकर

टॉर्चच्या चर्चेत वीजवाटप कुठून आलं? वेगळा धागा काढा.

आगरातली

ठाणेकर, तुमच्या लोकलपेक्षा रात्री दारं धरणाऱ्याला टॉर्च जास्त लागते. धागा बरोबर जागी आला आहे. जिना आणि बाईकची किल्ली यापलीकडे रात्र असते हे ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

निवांत_ठाणेकर

ऐकतोच आहे. मी शहरातल्या माणसाला उत्तर दिलं होतं, शेतकऱ्याला 'मोबाइल वापरा' म्हणालो नव्हतो. ज्याला दोन्ही हात लागतात त्याचं बोटभर टॉर्चनेही भागत नाही, मग कातळवाट यांची यादी तरी त्यांच्या काय कामाची?

सर्किटवाला

हा मुद्दा रास्त आहे. उसाचं_पान भाऊ, तुम्हाला खिशातली सरळ नळी नको. काटकोनी टॉर्च घ्या: अंग उभं, उजेड आडवा. डोक्याच्या पट्ट्यात बसते, क्लिपने टोपीला किंवा सदऱ्याच्या खिशाला लागते, शेपटीला लोहचुंबक असतं म्हणून मोटारीच्या पेटीला चिकटते. फ्यूज बघताना दोन्ही हात मोकळे. पट्टा काढला की हीच खिशात जाते. वुर्कोसची एचडी-१५ या पद्धतीची आहे, १८६५० वर चालते, सेल बदलता येतो.

उसाचं_पान

डोक्याला लावली होती एकदा. चिलटं-पाकोळ्या सगळ्या तोंडावर. डोळे उघडे ठेवता येत नाहीत.

सर्किटवाला

म्हणून डोक्याला लावू नका, छातीला लावा. किडे उजेडाकडे येतात, तोंडापासून फूटभर खाली राहतात. आणि छातीवरून उजेड तिरका पडतो, त्यामुळे दगड-ढेकळांची सावली दिसते. कपाळावरून मारलेल्या उजेडात सावली दगडामागे लपते आणि जमीन सपाट वाटते. साप ओळखायला सावली लागते.

कातळवाट

छातीवर लावलेल्या उजेडाने बिबट्या दिसणार नाही. त्याला लांब पल्ल्याचा झोत हवा, म्हणजे कँडेला (झोताच्या तीव्रतेचं माप) बघावे लागतात. दहा हजार कँडेला असतील तर मानकाप्रमाणे दोनशे मीटर, तेही पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो ते अंतर. डोळे चमकलेले त्याच्या आतच दिसतील. उसात शिरण्याआधी कडेकडेने असा झोत फिरवून घ्यायचा. दोन लागतील, एक छातीला, एक खिशात.

लाइनवरचा

हे आमच्या पोरांनापण सांगतो. तोंडात टॉर्च धरून लाळ गळत काम करतात. छातीचं पटलं. रात्रीच्या लाइटचं नाही पटलं, ते वेगळं.

निवांत_ठाणेकर

पाचशेवाली झूमची शिफारस मागे घेतो, ती मी वापरलेली नाही. मोबाइलचं मत माझ्यापुरतं कायम. किल्ल्यांना लागेल अशी ट्रिपल एची चार हजार केल्विनमध्ये मिळत असेल तर आगरातली यांनी सांगावं. तुमच्यासाठी नव्हे, आईसाठी. ती गावी एकटी असते आणि तिचा फोन कायम चार्जिंगला.

आगरातली

आईंसाठी ट्रिपल ए नका घेऊ, फार बारीक, ओल्या हातातून निसटते. डबल ए घ्या, बटण शेपटीला असलेली, एकदा दाबलं की मधला उजेड लागेल अशी. पायऱ्या पायऱ्यांचं मेन्यू त्यांना शिकवत बसू नका. एक दाराशी खुंटीला, एक उशाशी.

उसाचं_पान

आमची रात्रीची पाळी सोमवारपासून. बाहेरून मागवलेली तोवर येणार नाही. तालुक्याच्या दुकानात काय बघू?

सर्किटवाला

साधी हेडलॅम्प घ्या, ट्रिपल ए तीन सेलची, पट्ट्यावर दिवा खाली वाकवता येतो अशी. पट्टा छातीभोवती पुरत नसेल तर जुन्या बॅगेचं इलॅस्टिक जोडा. दुकानातच लावून, एक मीटरवर हाताचा तळवा धरून बघा. तळवा निळा दिसला तर दुसरी मागा. आणि गमबूट.